बाबांचा खोकला आणि माझी पीएचडी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय निघाला की बाबा गप्प होतात आणि आई "जेवलीस का?" विचारते, म्हणून लिहायला बसले. एम. फार्म. झाल्यावर मला वेर्ण्याच्या औषध कंपनीत न लागता फार्माकोलॉजीत, म्हणजे औषधं शरीरात कशी काम करतात त्या शास्त्रात, पीएचडी करायची आहे.

बाबा, गेल्या चवथीला आरतीचा सूर चढवला की तुम्हाला ढास लागायची, आठवतं? आईने अडुळसा, ज्येष्ठमध सगळं करून पाहिलं. ताप नाही, कफ नाही, एक्स-रे स्वच्छ. कारण निघालं रक्तदाबाची गोळी, रॅमिप्रिल. आपल्या अंगातलं एक एन्झाइम रक्तवाहिन्या आवळणारं द्रव्य तयार करतं आणि ब्रॅडिकायनिन नावाचं दुसरं द्रव्य मोडतं. गोळी त्या एन्झाइमलाच अडवते. दाब उतरतो, पण ब्रॅडिकायनिन साचून काहींना कोरडा खोकला होतो. डॉक्टरांनी दिलेली टेल्मिसार्टन पुढच्या पायरीवर काम करते, म्हणून महिन्याभरात तुमचा घसा मोकळा झाला.

हे ब्रॅडिकायनिन 1948-49 च्या सुमारास ब्राझीलमध्ये सापडलं, जराराका सापाच्या विषावर काम चालू असताना. पुढे सर्जिओ फेरेरा यांना त्याच विषात ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवणारा घटक मिळाला. त्या धाग्यावरून कशमन आणि ओंडेटी या शास्त्रज्ञांनी कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध घडवलं. अमेरिकेत त्याला 1981 मध्ये मान्यता मिळाली. तुमची रॅमिप्रिल त्याच घराण्यातली. एवढी वर्षं कुणीतरी चिकाटीने मागे लागलं, म्हणून लाखो लोकांचा दाब आज ताब्यात आहे. मला त्या कामात जायचंय.

इथे पणजीत मी त्याचंच बारकं रूप शिकते. बाजारातून कोंबडीचं ताजं आतडं आणायचं, दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा 37 अंशांच्या टायरोड नावाच्या क्षारांच्या द्रावणात टांगायचा, हवेचे बुडबुडे चालू ठेवायचे. अ‍ॅसिटिलकोलिन हे स्नायू आकसवणारं द्रव्य घातलं की तुकडा आकसतो आणि आलेख वर चढतो. अ‍ॅट्रोपिन हे त्याला अडवणारं औषध घातल्यावर तीच मात्रा पुरत नाही, वाढवावी लागते. मग धुवायचं, थांबायचं, पुन्हा मोजायचं. आई, यात मला भूकसुद्धा आठवत नाही.

वेर्ण्यात दादा करतो ते काम मोठ्या जबाबदारीचं आहे, त्याची गोळी चुकली तर माणूस जाईल. पण ती गोळी आधी कुणीतरी शोधावी लागते. हा रस्ता बेभरवशाचा आहे, तेही सांगते. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांतलं साधारण एकच बाजारात येतं. चार-पाच वर्षं जातील आणि लग्नाचा विषय मागे पडेल, ही आईची काळजी मला कळते. पैशांचा भार मात्र तुमच्यावर टाकणार नाही. जीपॅट या फार्मसीच्या प्रवेश परीक्षेवरची शिष्यवृत्ती, महिना 12,400 रुपये, आता मिळतेच; जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीलाच महिना 37,000.

पुढच्या महिन्यात अर्ज भरायचा आहे. शनिवारी कदंबाच्या बसने येते. बाबा, हो किंवा नाही, मला समोर बसवून सांगा. आणि दाब बरा दिसला तरी गोळी स्वतःहून बंद करू नका.

तुमची,
धाकटी