पुस्तकाप्रमाणे लिहू की खरं लिहू?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी दूरशिक्षणातून बीएला ॲडमिशन घेतलीय, पहिलं वर्ष, अर्थशास्त्र. वय ४१, निफाड तालुक्यात आमचं किराणा दुकान आहे, बारावी होऊन बावीस-तेवीस वर्षं झाली. तक्रार आहे ती आमच्या पुस्तकाची आणि शंका विचारायला कोणीच नसण्याची. विद्यापीठाचं नाव मुद्दामच लिहीत नाहीये, कारण दुसरीकडून शिकणाऱ्या मैत्रिणींचंही रडगाणं हेच आहे.

दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा गल्ल्यावरच पुस्तक उघडते. मागणीचा नियम, म्हणजे भाव उतरला की खप वाढतो, एका वाचनात कळला, तो काय मी रोजच बघते. पण आकृती आली आणि अडले. शाळेत गणितात शिकलेलं की ज्याच्यामुळे बदल होतो ते आडव्या अक्षावर घ्यायचं, इथे किंमत उभ्या अक्षावर आणि मागणी आडव्यावर, आणि असं का ते कुठेच लिहिलेलं नाही. दोन दिवस मला छपाईची चूकच वाटत होती. शेवटी पुतण्याने कॉलेजात त्याच्या सरांना विचारून सांगितलं की मार्शल नावाच्या इंग्रज प्रोफेसरने तशी पद्धत पाडली आणि ती पुढे तशीच चालू राहिली. एवढं एक वाक्य छापायला काय जात होतं? वर्गातल्या पोराने हात वर केला की सर सांगतात, आम्ही कोणाला विचारायचं, आमचे सर म्हणजे हे पुस्तकच ना.

‘मागणीचा विस्तार’ आणि ‘मागणीतील वृद्धी’ याचंही तसंच, नुसत्या व्याख्या वाचल्या तर दोन्ही एकच वाटतात. ते मी दुकानातूनच सोडवलं. साबुदाणा स्वस्त झाला म्हणून बायका जास्त नेतात तो विस्तार, आणि आषाढी एकादशी आली म्हणून भाव तोच असूनही दुप्पट खपतो ती वृद्धी, म्हणजे आकृतीतली मागणीची अख्खी रेघच (पुस्तकात तिला वक्र म्हणतात) उजवीकडे सरकते. पुस्तकात उदाहरण कशाचं, तर सफरचंदाचं! आमच्याकडे सफरचंद कोणी आजारी पडलं की आणतात.

लासलगावचं मार्केट आमच्याच तालुक्यात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली ती मे २०२४ मध्ये उठवली, त्या दिवसांत दुकानाच्या पायरीवर बसून लोक जे बोलत होते त्यात लवचिकतेचा, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते याचा, सगळा धडा होता. भाजीला कांदा लागतोच, पण भाव निम्मा झाला म्हणून कोणी दुप्पट कांदा खात नाही, म्हणून मार्केटला माल थोडा जास्त आला तरी भाव धाडकन पडतो. हे पुस्तकात टाकलं असतं तर आमच्या गावातला कोणीही शिकला असता. पण तिथे नुसतं सूत्र, वर टक्के खाली टक्के.

आणि जुनेपणाचं तर काय सांगू. जीएसटी येऊन १ जुलै २०१७ पासून एवढी वर्षं झाली, माझ्या प्रत्येक बिलावर आहे, पुस्तकात अजून व्हॅटच चालू. नियोजन आयोग जाऊन १ जानेवारी २०१५ ला नीती आयोग आला, पण आमच्या पुस्तकात नियोजन आयोग अजून योजना आखतोच आहे, बिचारा.

संपर्क सत्र, म्हणजे सरांना प्रत्यक्ष भेटून शिकायचा तास, रविवारी असतं. दुकान नवऱ्यावर टाकून, दोन बस बदलून गेले तर सर आलेलेच नाहीत, शिपाई म्हणाला ताई पुढच्या रविवारी बघा. पुढच्या रविवारी आमच्याकडे बाजार असतो.

फी परत नको मला. आठवड्यातून एक तास कोणीतरी फोनवर शंका ऐकून घ्या आणि पुस्तकात काय बदललंय त्याचं चार पानांचं पत्रक पाठवा, एवढंच म्हणणं आहे. माझा पेपर पुढच्या महिन्यात आहे, नियोजन आयोगावर प्रश्न आला तर पुस्तकाप्रमाणे लिहायचं की खरं लिहायचं, एवढं तरी पेपरच्या आत कोणीतरी कळवावं.

– एक दुकानदार विद्यार्थिनी, ता. निफाड