पन्हाळ्याला अख्खा दिवस हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या एकदिवसीय सहलींची आखणी बहुधा ठरलेली असते : सकाळी अंबाबाईचे दर्शन, दुपारी जोतिबा आणि उन्हे कलल्यावर पन्हाळा. गेल्या महिन्यात आम्हीही अशाच एका सहलीत होतो. गडावर सव्वा तास मिळाला. त्यातला बराचसा गाडी लावायला जागा शोधण्यात गेला आणि उरलेला बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी छायाचित्रे काढण्यात. सहल काढणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण यादीत तीन नावे असली तरच आपण पैसे भरतो. तरीही कोल्हापूरपासून जेमतेम २० किलोमीटरवरच्या या गावासाठी स्वतंत्र दिवस राखून ठेवावा, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

गाव हा शब्द मी मुद्दाम वापरतो. शिलाहारांपासून नांदत आलेल्या या गडावर ताराराणींची राजधानी होती, ती १७८२ मध्ये कोल्हापूरला हलली. पण तटाच्या आतली वस्ती, शाळा आणि बाजार आजही आहेत. ज्या चार दरवाजाच्या जागेवरून आपल्या गाड्या आत शिरतात, तो दरवाजा १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी पाडला, हे गाडीच्या खिडकीतून कसे कळावे?

म्हणून पहिल्या एसटीने यावे आणि पुढे पायी हिंडावे. सकाळच्या उन्हात सज्जा कोठी पाहून अंबरखान्याकडे वळावे आणि तिथे घाई करू नये. गंगा, यमुना आणि सरस्वती या कोठारांत मिळून २५,००० खंडी धान्य मावत असे, असे सांगतात; पण गंगा कोठीच्या थंड अंधारात उभे राहून धान्य ओतण्यासाठी छतात ठेवलेली भोके न्याहाळली, की १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चार महिने कसा सोसला गेला असेल, ते आकड्यांपेक्षा अधिक नीट उमगते. तीन दरवाजा आणि त्याला लागूनची अंधारबाव दुपारच्या झुणका-भाकरीआधी पाहून होते. राजदिंडी मात्र शेवटी ठेवावी. महाराज त्या वर्षीच्या जुलैमध्ये भर पावसात ज्या बाजूने निसटले, ती उतरण संध्याकाळी पाहिली की पुढच्या विशाळगडापर्यंतच्या वाटेचा थोडा तरी अंदाज येतो. (आषाढातच जावे असे अनेकांना वाटते, पण धुक्यात समोरचा बुरूजही दिसत नाही, हा स्वानुभव आहे.)

जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांत पन्हाळा असल्याने गर्दी वाढणार, हे उघड आहे. अशा वेळी प्रवेश नाक्यावरच पायवाटा आणि त्यांना लागणारा वेळ दाखवणारा साधा मराठी नकाशा पाच-दहा रुपयांत मिळाला, तर निम्मे पर्यटक गाडी खालीच ठेवतील. संबंधितांनी या सूचनेचा विचार करावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, सांगली