बदकं का पाठवली नाहीत

फोंडा, गोवा
१४ जुलै

प्रिय शुभा,

सप्रेम नमस्कार. वहिनीच्या हाती दिलेली पिशवी पेडण्याला पोचली ना? बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला मावशीने पाण्यात खेळायला नुसते पेले पाठवले, तू मागितलेली खेळण्यातली पिवळी बदकं नाहीत, म्हणून तू बुचकळ्यात पडली असशील. त्यासाठीच हे पत्र.

आमच्या चिऊकडे तशी दोन बदकं होती. दाबली की पोटाखालच्या भोकातून पिचकारी उडायची. मी ती रोज साबणाने धुवायची, बाहेरून अगदी लख्ख. गेल्या आठवड्यात तिने एक दाबलं आणि पाण्याबरोबर काळ्या सालपटांसारखं काहीतरी तिच्या मांडीवर पडलं. मी ते बदक विळीवर उभं चिरलं. आत सगळीकडे काळे ठिपके, त्यांवर बुळबुळीत थर; बोट फिरवलं तर सायीसारखा गोळा होऊन आला. वास पावसात भिजून कोपऱ्यात राहिलेल्या चपलांचा. शुभा, हीच पिचकारी ती कितीदा तोंडात उडवून घ्यायची! त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग शोधून वाचलं. २०१८ मध्ये स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी घरांत वापरलेली आंघोळीची १९ खेळणी अशीच कापून तपासली होती. एकूण एक खेळण्याच्या आत जिवाणूंचा थर, निम्म्याहून अधिकांत बुरशीही. एका चौरस सेंटिमीटरवर लाखो पेशी! मऊ प्लॅस्टिकमधूनच कार्बन झिरपतो, त्यावर हे जीव पोसतात. साबणातून आणि अंगाच्या मळातून नायट्रोजन, फॉस्फरस मिळतं. मी धुण्यात कमी पडत नव्हते गं, आत गेलेलं पाणी वाळायला वाटच नव्हती. त्यातून आपला गोव्याचा पाऊस. जून ते सप्टेंबर दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या पट्ट्यावर बुरशी चढते, तिथे बदकाच्या पोटाचं काय!

चिऊची दोन्ही बदकं मी टाकली. ज्यातून एकदा काळं आलं, ते वाचवू नये असं माझं ठाम मत आहे. आतला थर हाताला लागत नाही, तो नुसता खळबळून निघत नाही. तुझ्याकडे भोकाचं नवं, अजून न भिजलेलं खेळणं असेल, तर हॉट ग्लूचा, म्हणजे गरम करून लावायच्या गोंदाचा, एक थेंब लावून भोक बंद कर. पिचकारी उडणार नाही, पण तरंगेल. मात्र तो थेंब सुटला नाही ना, हे अधूनमधून बघ.

बाकीच्या खेळण्यांसाठी दर आठवड्याला अर्धं पाणी, अर्धं पांढरं विनेगर घेऊन तासभर भिजव, जुन्या ब्रशने खाचा घास आणि साध्या पाण्याने धू. आपलं माडाचं विनेगर स्वयंपाकालाच ठेव, त्याला रंग असतो. आणि हे अगदी नीट लक्षात ठेव: विनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नकोस. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपल्या न्हाणीला खिडकी ती केवढीशी.

रोज मात्र एवढंच: आंघोळ झाली की खेळणी न्हाणीत ठेवायची नाहीत. मी कांद्याची लाल जाळीची पिशवी धुऊन घेतली, त्यात सगळी भरून सोप्यावर पंख्याखाली टांगते. सकाळपर्यंत कोरडी होतात.

पेले उघड्या तोंडाचे, आत हात जातो, फडक्याने पुसता येतात. ओले असताना एकात एक घालू नकोस, मधे पाणी अडकतं. आणि मागच्या चवथीला बाळाला कुणीतरी दिलेला तो रबरी हत्ती आजच पांढऱ्या फडक्यावर दाबून बघ. काय निघालं ते कळव, मी वाट बघते आहे.

बाळाला गोड पापा. आईंना माझा नमस्कार सांग.

तुझीच,
मीना