पिएन्झाला फक्त एक ओळ?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला इटलीतल्या टस्कनीवरचा लेख वाचला. फ्लॉरेन्स, पिसा, सिएना सगळं आलंय, फोटोही झकास, पण पिएन्झाच्या वाट्याला शेवटी एकच ओळ, की इथलं चीज प्रसिद्ध आहे. अहो चीज आहेच, मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो, मुख्य रस्त्यावर पाऊल टाकलं की दुकानादुकानातून त्याचाच वास येतो. पण दोनेक हजार वस्तीचं हे गाव एका माणसाच्या हट्टातून उभं राहिलंय, ते कसं काय सुटलं?

आधी हे कोर्सिन्यानो नावाचं साधं खेडं होतं. 1405 मध्ये तिथे एनेआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी जन्मला. घराणं खानदानी पण परिस्थिती बेताची. पोरगा हुशार, तरुणपणी कविता काय, प्रेमकथा काय, सगळं लिहून झालं आणि पुढे 1458 मध्ये चक्क पोप झाला, दुसरा पायस. दुसऱ्याच वर्षी प्रवासात गावावरून जाताना मुक्काम पडला, बघतो तर गावाची रया गेलेली, बरोबरचे सवंगडी म्हातारे झालेले. झालं, इथेच नवं शहर करायचं म्हणून बर्नार्डो रोसेलिनो या फ्लॉरेन्सच्या आर्किटेक्टला कामाला लावलं, आणि तीनेक वर्षांत चर्च, राजवाडा, चौक सगळं तयार! 1462 मध्ये गावाचं नावसुद्धा स्वतःवरून पिएन्झा करून टाकलं. कार्डिनल लोकांनाही (म्हणजे पोपच्या हाताखालचे बडे धर्मगुरू) इथे घरं बांधायला लावली, त्यात रोड्रिगो बोर्जा पण होता, तोच जो पुढे सहावा अलेक्झांडर पोप झाला.

माझा सगळ्यात आवडता किस्सा पैशांचा. रोसेलिनोनं अंदाज दिला होता 18,000 डुकाटचा (तेव्हाची सोन्याची नाणी), खर्च गेला 50,000 च्या वर. लोकांनी पोपचे कान भरले, आता ह्याचं काही खरं नाही असं सगळ्यांना वाटलं. पोपनं काम बघितलं आणि म्हणाला, बरं झालं खोटं बोललास, खरा आकडा सांगितला असतास तर एवढा पैसा मी कधीच काढला नसता! वर 100 डुकाट आणि लाल अंगरखा बक्षीस. हे पोपनं स्वतःच्याच आठवणींत लिहून ठेवलंय, म्हणून जास्तच मजा वाटते. (असा क्लायंट कुठल्या आर्किटेक्टला मिळतो हो?)

चौक अगदी छोटा आहे, पण दोन बाजूंच्या इमारती चर्चकडे जाताना एकमेकींपासून लांब होत जातात त्यामुळे तो आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. राजवाड्याच्या मागे टांगल्यासारखी बाग, आणि तिथल्या सज्जातून सगळं ओर्चा खोरं आणि मोंते अमियाता डोंगर दिसतो. आम्ही गेलो तेव्हा मी तिथून हलायलाच तयार नव्हतो, बायको वैतागली. 1996 पासून युनेस्कोच्या यादीत आहे म्हणतात, ते ठीक आहे.

पायस 1464 च्या ऑगस्टमध्ये गेला, रोसेलिनो त्याच सप्टेंबरमध्ये, आणि मोठी बांधकामं तिथेच थांबली. चर्चमधलं काहीही बदलायचं नाही असा पोपचा लेखी हुकूम होता, माणसांनी तो बऱ्यापैकी पाळला, जमिनीनं मात्र नाही. उतारावर बांधल्यामुळे चर्चची मागची बाजू कधीपासूनच खचत आलीये, भिंतींना तडे आहेत. तुमच्या लेखकाला सांगा, पुढच्या वेळी गेलात की दारातून वेदीकडे सावकाश चालत जा, फरशीचा उतार पायाला कळतो. चीज नंतर घ्या.

आपला,
एक जुना वाचक