आयुक्तसाहेब, जांभळी नाक्याचे सहा दिवस द्या

प्रति,
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका

महोदय, सादर नमस्कार.

मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. जांभळी नाक्याचा आपला बाजार चित्रांत टिपून ठेवावा, ही विनंती करायला लिहितोय. वर्गात मी मुलांना एक जुनं चित्र हमखास दाखवायचो. ॲमस्टरडॅमच्या डाम या बाजारचौकातलं जुनं नगरभवन ७ जुलै १६५२ ला जळालं. त्यानंतरचे छप्पर नसलेले, उघडे अवशेष बेअरस्ट्राटन या डच चित्रकाराने रंगवले. प्रसिद्ध चित्रकार रेम्ब्रां तर तिसऱ्याच दिवशी चौकात पोहोचला आणि वजनकाट्याच्या इमारतीकडून जे दिसलं ते त्याने कागदावर उतरवलं.

पण माझा जीव अडकलाय तो त्यांच्याच काळातल्या पीटर सानरेडाम या चित्रकाराच्या चित्रात. आगीच्या अकरा वर्षं आधी, जुलै १६४१ मध्ये, त्याने सहा दिवस खपून हीच इमारत समोर पाहून, रंगांसकट टिपून ठेवली होती. त्या टिपणावरून १६५७ मध्ये त्याने तैलचित्र केलं, आणि इमारत तीन तासांत जळाल्याचं त्या चित्रातच लिहिलं. शहराने ते ४०० गिल्डर देऊन विकत घेतलं. आज ते तिथल्या राइक्सम्यूझियममध्ये आहे.

साहेब, आपला जांभळी नाका असा कोणी टिपलाय का? कौपिनेश्वर मंदिराच्या दारातली फुलं, भाजीच्या पाट्या, किराण्याची दुकानं, गणपतीच्या आधी पाय ठेवायला जागा नसलेली ती गर्दी. डोक्यावर वायरींचं जाळं, खाली ताडपत्र्या, पुठ्ठे, गोणपाटं. सणाच्या दिवसांत तिथून जाताना माझ्या पोटात गोळा येतो. बंबाला वाट मोकळी हवी, वायरिंगची तपासणी हवी, हे तर मागतोच आहे. ते आधी करा.

त्याबरोबर हेही करा. पुनर्विकासात एखादी गल्ली पाडली, तरी ती गेलीच. मोबाइलमधले फोटो हजारो असतील, पण त्यात माणसं सेल्फी काढताना दिसतात. दुकानाची फळी किती रुंद, माडीचा कठडा कसा, हे कुठे दिसतं? चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत मुलं बाजाराचं स्मरणचित्र काढतात. ठाण्याच्या बाजारावर स्मरणचित्राची वेळ येऊ नये.

शहरातले चित्रकार आणि कलाशाखेचे विद्यार्थी सहा दिवस तिथे बसवा. मोजमापं घेऊन, रंगांसकट, दुकानामागून दुकान. त्यांना मानधन द्या. मूळ चित्रं महापालिकेने विकत घ्यावीत आणि प्रती दुसऱ्या इमारतीत ठेवाव्यात, म्हणजे बाजार आणि चित्रं एकाच आगीत जाणार नाहीत.

आपण दिवस ठरवा. पहाटे भाजीचे टेम्पो उतरतात तेव्हा मी ड्रॉइंग बोर्ड घेऊन मंदिराच्या दाराशी हजर असेन. मानधन नको.

आपला,
एक ठाणेकर चित्रकला शिक्षक