चिमीचं प्रोजेक्ट आणि तुझं जुनं हेल्मेट

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, आजी ठणठणीत आहे. फोनवर तुझा आवाज चढतो, मग माझाही चढतो, म्हणून लिहायला बसले. विषय चिमीच्या प्रोजेक्टचा. तेवढंच लिहायचं असं ठरवलंय.

नववीला 'कार्य आणि ऊर्जा' आहे ना, त्यावर तिला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात काहीतरी मांडायचंय. आधी परातीत रांगोळी पसरली, वर गुलालाचा पातळ थर दिला आणि गॅरेजवाल्याकडून आणलेली बेअरिंगची गोळी वरून सोडत बसली. गोळी पडली की गुलालात पांढरा खड्डा आणि चहूकडे फरांटे. मला लोणार आठवलं. तू पाचवीत होतास, काठावर उभा राहून विचारत होतास, "पण दगड कुठे गेला?" बाबांनी तुला भेळ घेऊन दिली आणि विषय मिटवला. आता चिमी सांगते, दगडाचं बरंचसं त्या धडकेतच वितळून, वाफ होऊन गेलं. विवर जवळपास १.८ किलोमीटर रुंद आणि दगड त्यापुढे अगदीच लहान. सगळी करामत वेगाची.

तिने उंची चौपट केली. खड्डा चौपट व्हायला हवा, हा तिचा हिशेब. तो दुप्पटसुद्धा होईना. रडकुंडीला आली, आकडे 'जरासे' सरळ करू का म्हणून मला विचारत होती! बाईंनी सांगितलं, आलेत तेच लिही आणि उरलेली ऊर्जा कुठे गेली ते शोध. मग पट्टीने खोली मोजली, बाहेर उडालेली रांगोळी झाडून वजन केली, आवाज झाला म्हणजे तिथेही थोडी गेली असं लिहिलं. पाठांतराच्या नावाने ओरडणारी पोरगी रात्री अकरापर्यंत परातीपाशी. मला फार बरं वाटलं रे. तू असा नव्हतास, तुला सूत्र दिलं की गणित सुटायचं, परातीची गरजच पडली नाही.

मग अंडी. आजीने स्वयंपाकघरात येऊ दिली नाहीत, तिच्या दृष्टीने ती गॅलरीतच आली आणि गॅलरीतूनच गेली. चौथ्या मजल्यावरून खाली. पुठ्ठ्याच्या टणक खोक्यात घट्ट बसवलेलं फुटलं, चुरमुऱ्यांत ठेवलेलं वाचलं. ऊर्जा दोघांची सारखीच, पण चुरमुरे चुरडत गेले, अंड्याला थांबायला जरा जास्त जागा मिळाली, म्हणून धक्का कमी बसला. हेल्मेटमधला थर्माकोल हेच काम करतो म्हणे. तो एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, म्हणून धडक झालेलं हेल्मेट टाकून द्यायचं. हे तिने तक्त्यावर लाल शाईने लिहिलंय.

तर दाखवायला हेल्मेट हवं होतं. तूच म्हणालास, माळ्यावरचं काळं घे. बाबांनी करवतीने कापलं. अस्तर सोडवलं, तर डाव्या कानाच्या वर थर्माकोल आत दबलेला आणि चीर गेलेली. बाबा म्हणाले, हॉस्टेलच्या कपाटावरून पडलं होतं ना त्याचं, तेव्हाच झालं असेल. चिमी लगेच, "नाही बाबा, रिकामं पडलं तर आतून कोण दाबणार? आत डोकं असायला लागतं." गणित सुटल्यासारखी बोलली आणि मग माझ्याकडे बघितलं.

हे मी लिहिणार नव्हते. मामाचं नाव तर काढणारच नव्हते.

तिने अजून एक हिशेब मांडलाय, तुला तो तोंडपाठ असेल. ६०च्या वेगाने धडकणं म्हणजे साधारण १४ मीटरवरून पडणं, म्हणजे आपली गॅलरी. ८०ला तीच उंची २५ मीटर होते. काट्यावर वीसच वाढले आणि उंची जवळजवळ दुप्पट! कऱ्हाडहून येताना नवीन कात्रज बोगदा सुटला की नवले पुलापर्यंत उतारच उतार, आणि मागून डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले ट्रक. नोव्हेंबर २०२२ला तिथे एकाच ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या, त्या रात्री तू घरी होतास म्हणून मी देवापुढे साखर ठेवली होती. तिथे तू सरळ चालवलीस तरी काय उपयोग? आणि तू सरळ चालवतोस का? खंबाटकीत चढाला ओव्हरटेक करतोस हे मला तुझ्याच मित्राने सांगितलंय.

बघ, लागलेच बोलायला. वीस वर्षांच्या मुलाला आईने असं लिहू नये हे कळतं मला, माफ कर. हेल्मेट डोक्यात होतं, कोपरात अडकवलेलं नव्हतं, हे मी रोज स्वतःला सांगते. इथे शेजारच्या शिकल्यासवरलेल्या लोकांना ते आरशावर टांगायला आवडतं. तू घातलंस आणि नंतर नवीनही घेतलंस. म्हणजे जुनं का टाकायचं ते तुला ठाऊक होतं. म्हणजे कपाटावरून पडलं नव्हतं.

नवीन आयएसआयचं आहे ना? पट्टा लावतोस ना? तेव्हा उलटी झाली होती का, डॉक्टरकडे गेला होतास का? दिवाळीत डोकं दुखतंय म्हणून झोपून होतास ते जागरणाचं की त्याचं?

कुठे झालं, कधी झालं, सोबत कोण होतं, एवढं कळव. फोनवर नको, मेसेज चालेल. बाबांना मी सांगेन.

तुझी,
आई

ता. क. प्रदर्शन शनिवारी आहे. तो दबलेला अर्धा भाग मांडू का, असं चिमी विचारतेय, तिच्या मते तोच सगळ्यात पक्का पुरावा. तू नको म्हणालास तर दुसरं हेल्मेट शोधून कापायला लागेल, तेव्हा गुरुवारच्या आत सांग. आणि गणपतीला एसटीने ये, बाबा स्वारगेटला येतील.