खुले पत्र: आमची दफनभूमी 'मोकळी जागा' नाही

माननीय मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी मोजणीची माणसं आमच्या गावच्या दफनभूमीत आली आणि कागदावर 'मोकळी जागा' असं लिहून गेली. त्या मोकळ्या जागेत माझी आई आहे. तिच्या पलीकडे आजी-आजोबा, आणि त्यांच्याही पलीकडे अक्षर नसलेले दगड. त्यांच्याखाली कोण आहे, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच कार्यक्रमात तुम्ही माइकवरून शब्द दिला होता, की बेने इस्रायलींच्या, म्हणजे आम्हा कोकणातल्या ज्यूंच्या, जुन्या जागांवर सहा महिन्यांत फलक लागतील. आम्ही टाळ्या वाजवल्या. नंतर मी अकरा अर्ज केले. गुडघे दुखत असताना जिन्यावर बसून राहिलो. उत्तर एकच, 'प्रस्ताव वर्ग केला आहे.' कुठे वर्ग केला, ते आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आम्ही कोण, हे तुमच्या खात्याला मीच सांगायचं का? अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, असं आमच्या घराघरात सांगतात. वाचलेल्यांचे वंशज कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवार आमचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक 'शनवार तेली' म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावं आम्ही या मातीतूनच घेतली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल, यांनी 1796 मध्ये मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, बांधलं. आम्ही त्याला मशीदच म्हणायचो. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं, असं आमची वडीलधारी माणसं सांगत. रोज लाखो माणसं त्या स्टेशनात चढतात-उतरतात. त्यांतल्या किती जणांना हे माहीत आहे?

आणि फलकाला निधी नाही, असं म्हणाल? आमच्या नाक्यावरच्या शौचालयाच्या कोनशिलेवर नऊ नावं आहेत, मी मोजली आहेत. गटाराच्या झाकणालाही उद्घाटक मिळतो. या राज्यात दगडावर नाव कोरायला माणूस सत्तेत असावा लागतो. गाव वसवणारा, घाणा ओढणारा, मरून दोनशे वर्षं झालेला माणूस कुणाचा मतदार नाही, म्हणून त्याला चार ओळीही नाहीत. कोळ्यांचं तेच, गावकुसाबाहेरच्या मसणवटांचंही तेच.

1948 नंतर आमचे बहुतेक लोक इस्रायलला गेले. माझी आत्या तिथल्या डिमोना गावात असते. दर शुक्रवारी दिवे लावण्याआधी फोन करते आणि मराठीतच विचारते, "पाटी लागली का रे?"

मोजणीच्या कागदावरची ती नोंद आधी दुरुस्त करा, लेखी. मग फलक लावा, मराठीत, 'ही बेने इस्रायलींची दफनभूमी आहे' एवढं त्यावर असलं तरी चालेल. पावसाळ्याआधी झालं नाही तर पत्रा आणून मी स्वतः रंगवणार आहे. कुणी उखडला तर पुन्हा लावीन.

आपला,
रायगड जिल्ह्यातला एक बेने इस्रायली